जुना आणा, नवा न्या

सेफ्टीचा पट्टा नाकाशी धरून कुलूपकाकांनी लांब श्वास घेतला. घामाचा वास होता. म्हणजे अंगावर चढला होता खरा. पण अंगावर चढला म्हणजे कामाला आला असं थोडंच? छत्री बगलेत मारून भिजणारे त्यांनी काय कमी पाहिले होते!

छपरांचे पत्रे बदलणाऱ्या एका कंत्राटदाराची कोठी ते सांभाळत. हातमोज्यापासून हेल्मेटपर्यंत सगळं त्यांच्या कुलपाखाली, म्हणून हे नाव. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, पकडलेली आणि अजून न पकडलेली, असं त्यांचं पक्कं मत होतं. कोठीचा कायदाही त्यांचाच: जुना आणा, नवा न्या. फाटका मोजा दाखवल्याशिवाय नवा मिळत नसे. नवी वस्तू परस्पर भंगारवाल्याकडे जाऊ नये, एवढाच हेतू. मालक या कायद्यावर खूश होता. फुकटच्या गोष्टींवर तो खूशच असे.

हातातला पट्टा मात्र त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा होता. त्याला या कामावर त्यांनीच चिकटवलं होतं. रविवारी बहीण म्हणाली होती, "दादा, पट्टा बांधता का विचारलं की हे म्हणतात, 'बांधतो गं बाई.' मला नाही खरं वाटत. तू नोकरी दिलीस, आता तूच बघ." संशय घराण्यातच होता.

म्हणून सकाळी त्यांनी पाचही पट्ट्यांच्या हुकांना आतल्या बाजूने खडू फासला होता. छपराच्या आढ्यावर तारेचा दोर ताणलेला असे. त्यात हूक अडकवायचा आणि सरकत सरकत काम करायचं. तार घासली की खडू जाणारच. आता जेवणाच्या सुट्टीत माणसांनी पट्टे काढून ठेवले होते आणि पाचही हूक पांढरेफेक होते.

"सापडले!" काका पुटपुटले. आनंद झाला, आणि लगेच बहीण आठवली.

सुट्टी संपून माणसं वर गेली, तसे काकाही शिडीला लागले. शिडीशी त्यांचा संबंध इतकी वर्षं खालून वर बघण्यापुरताच होता. प्रत्येक पायरीवर गुडघा वाजत होता.

"अरे, देव वर आला!" कोणीतरी ओरडलं. "लपवा रे मोजे!"

बहिणीचा नवरा पत्र्यावर उकिडवा बसला होता. अंगावर पट्टा, पण त्याचा हूक त्याच पट्ट्याच्या कडीत अडकवलेला.

"काय जावईबापू, स्वतःलाच बांधून घेतलंय होय? पडलात तर स्वतःलाच धराल?"

"दादा, आवाज कमी. पत्रा जुना आहे."

"विषय बदलू नका. तार समोर आहे, हूक हातात आहे. मग अडकत का नाही?"

तो आढ्यापाशी सरकला. ज्या लोखंडी खुंट्याला तार बांधली होती, तो त्याने दोन बोटांनी धरून हलवला. हलत्या दातासारखा खुंटा डुलला.

काकांनी शिडी घट्ट धरली. "हे कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. मी आलो होतो की तुमच्याकडे नवा मागायला."

"मी काय म्हणालो?"

"जुना आणा."

"मग आणायचा ना!"

"नट गंजून बसलाय. कापल्याशिवाय निघत नाही. कापायला गेलो तर कटरचं पातं तुटलं. नवं पातं मागितलं, तर तुम्ही म्हणालात जुनं आणा. अर्धंच सापडलं. अर्ध्यावर तुम्ही देईनात."

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

काकांना तो दिवस आठवला. अर्धं पातं उलटंपालटं करून त्यांनी विचारलं होतं, "आणि उरलेलं अर्धं कुठे विकलं?"

"तरी एवढं तरी..." काका चाचरले. "काही नसण्यापेक्षा बरंच ना? अडकवून ठेवायचं."

"पाच जण एका तारेला, दादा. एक घसरला तर खुंटा उपटणार आणि बाकीच्या चौघांना घेऊन जाणार. सुटा असला तर एकटाच जाईल." मग जरा हसून तो म्हणाला, "तिला नका सांगू. ती समजते मी बांधतो."

काकांना आयुष्यात पहिल्यांदा समोरचा खरं बोलतोय याबद्दल शंका आली नाही. ती आली असती तर बरं झालं असतं.

"सगळे खाली उतरा," ते म्हणाले. "मालकाला मी सांगतो."

कोठीत त्यांनी खुंट्यांचं नवं खोकं फोडलं, पात्यांचा अख्खा गठ्ठा पुढे ढकलला.

"जुनं काही?" बहिणीच्या नवऱ्याने सवयीने विचारलं.

"न्या हो!"

संध्याकाळी तो परत आला आणि गंजका खुंटा टेबलावर ठेवून म्हणाला, "हा घ्या जुना." टोमणा नव्हता त्यात. कायदा होता, तो त्याने पाळला. खुंटा वरून मनगटाएवढा जाड होता, छपरात बसणाऱ्या टोकाला मात्र करंगळीही नव्हता.

पट्टे परत आले. काकांनी एकही नाकाशी नेला नाही. कुलपाची किल्ली ज्या खिळ्याला असायची, तिथे त्यांनी तो खुंटा सुतळीने अडकवला. किल्ली टेबलावरच राहिली.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "दादा, बघितलंस का रे? बांधतात ना हे?"

काकांनी जावईबापूंचा पट्टा उचलला. हुकाच्या वाकात खडू नव्हता. तारेचा काळा ओरखडा होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"दादा?"

"बांधतो," ते म्हणाले. "आजपासून."