न धुतलेला खल

यंत्रानं तिसऱ्यांदाही शिसंच दाखवलं, तेव्हा मी एप्रन न काढताच प्रयोगशाळेतून निघाले.

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. रंग म्हणून तो भिंतीवर शेकडो वर्षं टिकतो, औषध म्हणून चिमूटभर पोटात जातो. पोटात त्यातला पारा किती सुटतो, हा माझ्या संशोधनाचा विषय. नमुने घरच्याच रंग-औषधांच्या कारखान्यातले, मोठ्या दिरांनी, दादांनी, घोटलेले. त्यात शिसं असायचं काही कारण नव्हतं. आणि त्याच बरणीतली पूड त्यांची दीड वर्षाची लेक चिमणी तीन आठवडे मधातून चाटत होती, तापात झटके आले होते म्हणून. झटके थांबले, पण नुकती चालायला लागलेली पोर पुन्हा बसली. खाल्लेलं ओकायची. पोटऱ्या कशा मऊ पडल्या होत्या, हातात धरवत नव्हत्या.

संध्याकाळचा डोस सहाला. मी घराला लागूनच्या कारखान्यात पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. दादा खलापाशी बसले होते.

"दादा, शेंदूर कशात घातलात?"

"रंगाच्या मालात. यंदाचा हिंगुळाचा खडा फिका निघाला, चित्रकार नाकं मुरडायला लागले. मूठभर टाकला की पोपटाच्या चोचीसारखा होतो. औषधात नाही टाकला, तेवढी अक्कल आहे मला."

"शेंदूर म्हणजे शिसं. आणि खल हाच?"

"मग काय, औषधाला चांदीचा आणू?"

"मधे धुतलात?"

ते हसले. "खल धुवायचा नसतो, धाकटे. जुना थर नव्या मालाला वळण लावतो. चार पिढ्यांत कुणी पाणी दाखवलं नाही त्याला."

बुडाशी बोटभर जाड लेप होता. मी नखानं खरवडला. वरून लाल, आतून नारिंगी.

"हेच चिमणीच्या पोटात जातंय. आजचा डोस देऊ नका."

"माझ्या पोरीला मी विष घालतोय?"

थोबाडीत इतकी अचानक बसली की आवाज आधी कळला, कळ नंतर. "दोन बुकं शिकली आणि दिराची परीक्षा घ्यायला आली!" त्यांनी माझा अंबाडा मुठीत धरला आणि डोकं फळीवर आपटलं. एकदा. पुन्हा. बरण्या फुटल्या. तोंडात काच की दात, समजेना. मी खाली पडले तशी बरगडीत लाथ बसली आणि श्वास आत जाईचना.

"अहो!"

दारात जाऊबाई. कडेवर चिमणी, हातात मधाचा चमचा.

"वहिनी, देऊ नका," मी म्हणाले. शब्द नीट निघाला की नाही कुणास ठाऊक.

"दे," दादा म्हणाले. "हिच्यासमोर दे."

"सकाळपासून ओकतेय हो ती. एक दिवस नाही दिला तर..."

"दे म्हणतो ना! मी काय कसाई आहे?"

त्यांनी चमचा हिसकावला आणि दुसऱ्या हातानं पोरीचा जबडा दाबला. तिचे गाल आत गेले, ओठ उघडले. रडायलाही जागा उरली नाही. चमचा दाताला लागल्याचा बारीक आवाज आला.

वहिनींनी खलातला बत्ता उचलला. दगडी, दोन हातांनी उचलायचा. त्यांनी एका हातानं उचलला आणि दादांच्या मनगटावर घातला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. चमचा उडाला. दादा गुडघ्यावर आले, तर दुसरा घाव कोपरावर. तिसऱ्यासाठी बत्ता डोक्याच्या वर गेला, तेव्हा मी सरपटत जाऊन त्यांच्या पायाला मिठी मारली.

"पुरे, वहिनी. पोरगी पडेल."

त्यांनी बत्ता टाकला. दादा "आई गं, आई गं" करत लोळत होते. त्यांच्याकडे न बघता वहिनींनी पदरानं चिमणीची जीभ पुसली. पुन्हा पुसली. मला म्हणाल्या, "उठवतं का तुला? चल."

शेजाऱ्यांना दादांकडे पाठवलं, वाटेत वहिनींना शिशाचं सांगितलं आणि आम्ही दवाखाना गाठला. नर्स माझ्या तोंडाकडे बघून खुर्ची ओढायला लागली.

"आधी हिचं," वहिनी म्हणाल्या. "रक्त घ्या. शिसं बघा."

चिमणीची शीर सापडेना. एकदा टोचलं, पोर किंचाळली. दुसऱ्यांदा टोचलं, शीर सरकली. नर्सनं सुई खाली ठेवली. "थोड्या वेळानं घेऊ या का, ताई?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. लेकीचा दंड त्यांनी स्वतः घट्ट दाबून धरला आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. "माझं बाळ ते. झालंच हं, झालंच." मग मान वर न करता नर्सला म्हणाल्या, "टोचा."