पाणकणसातलं बिऱ्हाड

वनखात्याचे साहेब तीन दिवसांचं शिबिर करून आले ते थेट तज्ज्ञ होऊनच. शिबिराचं नाव होतं 'वन्यजीव व्यवस्थापन आणि संवर्धन : एक ओळख'. साहेबांची ओळख तर एवढी दाट झाली होती की आता कोल्ह्यालाही अरेतुरे करतील असं वाटायचं. पी हळद नि हो गोरी! सोबत एक कापडी पिशवी मिळाली, एक प्रमाणपत्र मिळालं, आणि तळ्यावर न जाता तळ्याबद्दल बोलायची विद्या मिळाली.

“आधी नोंद, मग निर्णय,” साहेबांनी मंत्र म्हटला आणि तळ्याच्या रखवालदाराची वही मागवली.

रखवालदाराला सगळे दुर्बीणदादा म्हणायचे. एकतीस वर्षं गळ्यात दुर्बीण. बायको म्हणायची, लग्नाआधी मला बघितलंत तेही त्यातूनच, म्हणून तर दोष दिसले नाहीत. निवृत्तीला चार महिने उरले होते. साहेबांनी वहीत पश्चिमेच्या काठावरच्या पाणकणसाचं पान काढलं. माणसापेक्षा उंच वाढलेलं, दाट, चिखलात उभं असलेलं ते पाणगवत. घरटी : शून्य. सलग चार वर्षं शून्य.

“म्हणजे ही जागा रिकामी!” साहेब खुलले. “सोमवारी मशीन येईल, सगळं साफ करील. तिथे आपलं निसर्ग परिचय केंद्र. लोकांना निसर्ग कळायला नको का?”

निसर्ग कळावा म्हणून निसर्ग उपटायचा. वा रे वा! दादांच्या पायाखालची जमीन सरकली, कारण ते शून्य खोटं होतं. त्या पाणकणसात करकोच्यांची जोडी राहत होती, सबंध तळ्यावरची एकुलती एक, आणि मादी या घटकेला दोन अंड्यांवर बसली होती.

पाच वर्षांपूर्वी दादांनी इमानदारीत लिहिलं होतं : घरटं एक, अंडी दोन. आठ दिवसांत बातमी फुटली. फोटोवाले आले, आधीच्या साहेबांचं सगळं सासर आलं. फोटोमंडळाच्या अध्यक्षांना पक्षी उडतानाच हवा होता. तो उडेना, म्हणून त्यांनी खडा मारला. निसर्गप्रेमी माणूस! अंडी गार पडली, कावळ्यांनी उरकली. तेव्हापासून दादा शून्य लिहू लागले आणि दरवर्षी पिल्लं कोणाला पत्ता न लागता मोठी होऊन उडून गेली.

“अहो, खोटं लिहिताना हात नाही कापला, आणि खरं सांगायला जीभ अडते होय?” रात्री घरी बायकोने विचारलं.

“खोट्या नोंदी केल्या म्हणून आत्ताच घरी बसवतील.”

“बसवू देत. घरी कामं पडलीच आहेत.”

दादा साहेबांसमोर उभे राहिले. “साहेब, तिथे घरटं आहे.”

“वहीत शून्य आहे.”

“वही खोटी आहे. मीच खोटं लिहिलं.”

साहेब ओरडतील असं दादांना वाटलं होतं. साहेब गोड हसले. “दादा, या कार्यालयात खरं लिहिणारा माणूस एकच, असं मी वर कळवलंय. तुमच्या नोंदींवर तर मंजुरी मिळाली. एकतीस वर्षांच्या सचोटीला तुम्हीच बट्टा लावताय? मी लावू देणार नाही.”

“मग चला, डोळ्यांनी बघा.”

“छे छे! अंड्यांवरच्या पक्ष्याजवळ जायचं नसतं. शिबिरात शिकवलंय.”

“आणि मशीन न्यायचं असतं?”

“ते शिबिरात नव्हतं. फोटो आहे तुमच्याकडे?”

फोटो कुठला असायला? फोटोपायीच अंडी गेली म्हणून दादांनी एकही काढला नव्हता. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची कोणाकडे?

रविवारी दिवसभर दादा फोनकडे बघत बसले. इकडे आड, तिकडे विहीर. मशीन आलं तर पाणकणीस जाणार, घरटं जाणार, पुन्हा कधी काही होणार नाही. मशीन अडवायला गर्दी हवी. आणि गर्दी आली तर? त्यापुढचं त्यांना मनातसुद्धा म्हणवेना. शेवटी त्यांनी जगातल्या सगळ्यात नकोशा माणसाला फोन लावला.

“अध्यक्षसाहेब, करकोचे आहेत. अंड्यांवर आहेत. उद्या सकाळी या, पण हात जोडतो, लांब उभे राहा.”

“अहो, काळजीच सोडा!” अध्यक्ष म्हणाले.

सोमवारी मशीनच्या आधी चाळीस कॅमेरे हजर. मशीनवाला चक्रावून खाली उतरला आणि त्यानेही मोबाइल काढला. साहेब धापा टाकत आले, त्यांनी गर्दी पाहिली, कॅमेरे पाहिले आणि असा रंग बदलला की सरडाही लाजला असता.

“या पक्ष्यांसाठी मी पहिल्यापासून झटतोय! इथली काडीही हलणार नाही. उद्यापासून या भागात कोणालाही प्रवेश बंद!”

टाळ्या पडल्या. उद्यापासून बंद, म्हणजे जे काय बघायचं ते आजच. सगळे पुढे सरकले, सर्वांत पुढे अध्यक्ष. दादा हात पसरून वाटेत आडवे आले, ओरडले, पाया पडले. चाळीस माणसांना एक म्हातारा किती पुरणार? मादी उठली, तिच्यामागे नर उठला. फोटो झकास आले म्हणे.

दुपारपर्यंत सगळे पांगले. दादा काठावर बसून राहिले. ऊन चढलं, उतरलं, पक्षी फिरकले नाहीत. संध्याकाळी पाणकणसात कावळे उतरले.

बायको जेवणाचा डबा घेऊन आली. “अंडी गेली गं,” म्हणत दादा लहान मुलासारखे रडले. “मीच बोलावलं त्यांना. मीच.”

ती शेजारी बसली. डबा न उघडताच बाजूला ठेवला. मग म्हणाली, “जागा राहिली ना?”

“राहिली.”

“मग येतील पुढच्या वर्षी.”

“येतीलही. तेव्हा मी इथे नसेन. मला कुठून कळणार?”

“त्यात काय एवढं? आपण दोघं येऊ की. इथूनच, लांबून बघू.”

दादांनी डोळे पुसले, पाणकणसाकडे पाहिलं आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

“नको,” ते म्हणाले. “कोणीच नको. मीसुद्धा नको.”