कटिंगचे दोन हात

खोक्यांच्या त्या कारखान्यात अख्खा माणूस सहसा कुणाच्या तोंडी येत नसे. सुपरवायझर माणसं मोजायचा ती हातांवर. ‘पॅकिंगला आज सहा हात द्या’, ‘चिकटवायला एक हात कमी पडतोय.’ कामगारांनीही त्याची परतफेड केली होती. सुपरवायझरला ते ‘चष्मा’ म्हणत आणि फाटकावरच्या रखवालदाराला ‘मिशी’. चष्मा दारात दिसला की गप्पा बंद. मिशी पेंगत असली की उशिरा आलेलं खपून जाई. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, ताईलाही नाही.

ताई चिकटवण्याच्या शेडमध्ये होती आणि तिची धाकटी बहीण रस्त्यापलीकडे, कटिंगला. आईमागे धाकटीला तिनेच वाढवलं होतं. अभ्यासात पोरीचं मन रमेना, तेव्हा चष्म्याकडे शब्द टाकून कामाला लावलं होतं तेही तिनेच.

त्या दुपारी टेम्पोवाला माल न्यायला आला आणि दारातूनच म्हणाला, “आज काही गाडी लवकर भरत नाही. कटिंगचे दोन हात गेले.”

एवढं बोलून तो पाणी प्यायला निघूनही गेला.

ताईचा ब्रश खळीच्या डब्यातच राहिला. पलीकडून कटिंग मशीनचा आवाज दिवसभर यायचा, पातं पडल्याचा, दणदणीत. तो आता येत नव्हता. कधीपासून येत नव्हता, तेही तिला आठवेना.

त्या मशीनला पुढे जाळी होती. जाळी खाली आल्याशिवाय पातं पडायचं नाही, म्हणजे पुठ्ठा सारणारे हात आपोआप बाहेर राहायचे. पण त्यात वेळ जातो म्हणून चष्म्याने तिचा खटका दाबून ती तारेने वर बांधून ठेवली होती. सकाळी कामावर येताना धाकटी म्हणाली होती, “ताई, मला त्या मशीनची भीती वाटते गं. जाळी नाही तर पेडलवर पाय ठेवतानाच छातीत धडधडतं.” आणि ताई म्हणाली होती, “सगळ्याच करतात. जरा जपून करायचं.”

ती उठली आणि पळत सुटली. कुणीतरी मागून हाक मारली ती तिला ऐकू आली, पण थांबता आलं नाही. कामगारांचे फोन मिशीपाशी जमा असत; तिथे जाऊन मागावा की सरळ कटिंगला जावं, या विचारात ती रस्त्याच्या मधोमध क्षणभर उभी राहिली. एक स्कूटरवाला तिला चुकवून शिव्या देत गेला. दोन्ही हात, तिच्या मनात येत होतं. एक नाही, दोन्ही. वेणी कोण घालून देणार तिची, घास कोण भरवणार? मीच. आणि माझ्या पाठीमागे?

कटिंगच्या शेडमध्ये मशीनभोवती माणसं कोंडाळं करून उभी होती. तिला नुसत्या पाठी दिसल्या.

“सरका, ताई आली,” कुणीतरी हळूच म्हणालं.

माणसं बाजूला झाली. मशीनवर अर्धवट कापलेला पुठ्ठा होता. त्यावर धाकटीचा एप्रन घडी करून ठेवलेला. एप्रन कोरडा आणि स्वच्छ होता. तिला त्याचा अर्थच लागेना.

“कुठल्या दवाखान्यात नेलं?” तिने विचारलं.

“दवाखान्यात कशाला?” चष्मा वैतागून म्हणाला. “काम सोडून गेली तुमची बहीण. जाळी सोडा म्हणाली, मी नाही म्हटलं, तर एप्रन ठेवला आणि चालायला लागली. सोबत कटिंगच्या त्या दुसरीलाही घेऊन गेली.”

“टेम्पोवाला म्हणाला, दोन हात गेले.”

“मग गेलेच की दोन हात.”

“दोघी गेल्या म्हणजे चार झाले, साहेब,” मागून एक पॅकिंगवाली पुटपुटली. दोघीतिघी हसल्या. ताई खाली बसली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

चष्म्याने तिला दोन घोट पाणी पिऊ दिलं. मग म्हणाला, “तुम्हाला हे मशीन येतं ना? बसा आता तुम्ही. गाडी दारात उभी आहे.”

ती सवयीने उठली आणि बसली. पुठ्ठा सारला, कडेला लावला. पेडलवर पाय ठेवायचा तेवढा राहिला. बोटांच्या वर पातं होतं, मधे काही नव्हतं. तिने हात मागे घेतले. पुन्हा पुठ्ठा नीट केला, तो नीटच होता. सकाळी पोरगी हेच सांगत होती आणि आपण तिला जपून करायला सांगितलं.

ती उठली आणि तार सोडायला लागली. तार गंजली होती, नखाखाली टोचली. जाळी खणकन खाली आली.

“असं केलंत तर गाडी भरणार नाही,” चष्मा म्हणाला.

“नाही भरणार.”

“मालक मला विचारतील.”

“माझं नाव सांगा. मी अशीच कापीन. नको असेल तर मीही जाते.”

चष्मा फोन कानाला लावून बाहेर गेला. तो परत येईपर्यंत ताईने काम सुरू केलं होतं. त्या संध्याकाळी टेम्पो अर्धा रिकामा गेला.

घरी धाकटी स्वयंपाक करून बसली होती. ओरडा खायची तिची तयारी होती. ताईने चपलाही न काढता तिचे दोन्ही हात धरले, उलटसुलट करून पाहिले. एका बोटावर कणीक वाळली होती.

“चिडलीस?”

“नाही.”

“मग काय झालं? रडतेस का?”

ताईने टेम्पोवाल्याचं सगळं सांगितलं. धाकटी आधी हसली, मग बहिणीचं तोंड बघून तिच्याजवळ सरकली.

“उद्या जाणार तू?”

“जाणार.”

“आणि त्यांनी काढलं तर?”

“माहीत नाही गं,” ताई म्हणाली. “वाढ आता.”

तिला काढलं नाही. मालक दुसऱ्या दिवशी येऊन बरंच बोलून गेले, पण जाळी खालीच राहिली. धाकटी तिथे परत गेली नाही; महिनाभर घरी बसून औषधांच्या दुकानात लागली. तो महिना दोघींना जड गेला. ताईला अजून मधेच दचकून जाग येते. मग ती अंधारात हात लांबवून शेजारच्या अंथरुणावर धाकटीचं मनगट चाचपते, आणि धाकटी झोपेतच म्हणते, “आहे गं, झोप.”