लाल पानांच्या फांद्या

टेकडीच्या उतारावर लाल, चकचकीत पानांचं रानझुडूप दिसलं, तशी फुलवाली हरखून गेली. हातमोजे घालून तिने फांद्या छाटल्या आणि दुकानात जाता जाता एक जुडी थोरल्या बहिणीकडे दिली.

"अगं, काय रंग आहे!" शिवणयंत्रावरून उठत ताई म्हणाली. उघड्या हातांनीच तिने देठ खुडून फांद्या फुलदाणीत लावल्या आणि त्याच हातांनी कपाळावरचा घाम पुसला.

दोन दिवसांत तिच्या बोटांवर पाण्याने भरलेले फोड आले, चेहरा सुजला, डोळे उघडेनात.

"नवीन काय वापरलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"लाँड्रीवाल्याने पावडर बदललीय. चादरी कालच आल्यात," भाऊजी म्हणाले आणि तडक त्याच्या दुकानात गेले. फुलवालीही सोबत होती. भाऊजींनी म्हाताऱ्याला चारचौघांत फैलावर घेतलं. "साहेब, नीट खळबळून धुतो हो मी," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. दोन गिऱ्हाइकं आपले गठ्ठे उचलून चालती झाली.

फुलवालीच्या हातावर, मोजा संपतो तिथे, तसेच फोड सकाळीच उठले होते. उरलेल्या फांद्या तिने गुपचूप पिशवीत बांधून फेकल्याही होत्या. तिने बाही खाली ओढली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताईकडे गेली, तेव्हा भाऊजी ताईला घास भरवत होते. यंत्रावर अर्धवट शिवलेला कोट तसाच पडला होता. फुलवालीने बाही वर केली.

"ताई, लाँड्रीचा काही दोष नाही गं. त्या फांद्यांनी झालं."

"तुला कधी कळलं?"

"काल. भाऊजी भांडायला गेले, त्याच्या आधी."

ताई म्हणाली, "फांद्यांचं तुला काय ठाऊक असणार? पण तू तिथे उभी राहून ऐकत होतीस?"

भाऊजींनी ताट खाली ठेवलं. फुलवालीला घेऊन ते लाँड्रीत गेले. भाऊजींनी हात जोडले, फुलवालीने सगळं सांगितलं. म्हातारा रागावला नाही. "मलाच वाटायला लागलं होतं, आपल्याच हातून काहीतरी झालं," म्हणाला. पावडरीचं पोतंच्या पोतं त्याने गटारात ओतलं होतं.

"काका, ती दोन गिऱ्हाइकं कोण होती?" तिने विचारलं.

"एक त्या कोपऱ्यावरची दाताची डॉक्टरीण. दुसरा पहिल्यांदाच आला होता."

फुलवाली डॉक्टरणीकडे गेली आणि सगळ्या पेशंटांसमोर खरं काय ते सांगून आली. पुढे ताईची बोटंही बरी झाली. तो दुसरा माणूस मात्र तिला कधीच सापडला नाही.