बरडावरची विहीर

दीपा बारावीला रसायनशास्त्रात पास झाली होती, एवढ्यावरच पंचायतीने पाणी तपासायची पेटी तिच्या हाती दिली. आर्णीपासून आत, शेतांनी वेढलेलं गाव. कापसाला भाव नव्हता अशी ती वर्षं, तरी जो तो शेतात युरिया ओतत होता. दीपाचं काम सोपं होतं: बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात पुडी टाकून हलवायचं आणि रंग बघायचा.

पारासमोरचा हापसा गावाचा लाडका. त्याच्या पाण्यात डाळ पटकन शिजायची. तेच पाणी बघता बघता गुलाबी झालं. दीपाने तीनदा तपासलं, तीनदा गुलाबी. म्हणजे नायट्रेट. शेतातलं खत झिरपत तिथवर पोचलं होतं. मोठ्यांचं एक वेळ निभतं, पण तान्ह्याला असलं पाणी बाधलं तर ते निळं पडतं.

गावात पाण्यात कालवलेलं बाटलीचं दूध पिणारं तान्हं एकच, शकुबाईचा नातू. तो चांगला टुणटुणीत होता, म्हणून तर सांगणं अवघड. त्यातून शकुबाई म्हणजे गावातल्या मोठ्या घरच्या पुंडलिकरावांची बायको. तिच्यापुढे सरपंचही दबून बोलायचा. दीपा गेली तेव्हा ती चुलीवर पाणीच उकळत होती. दीपाने सगळं समजावलं. शकुबाईने मान वर केली नाही.

"मी वीस मिनिटं उकळून देतो नातवाले. कोणता रोग राहते त्यात?"

"काकू, हा रोग नाही, खत आहे. वरणात मीठ जास्त झालं अन् तुम्ही ते आटवलं, त मीठ कमी होते का?"

शकुबाईचा हात थांबला. वरणाचं तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने पातेलं उतरवलं आणि पाणी मोरीत ओतून दिलं. मग विचारलं, चांगलं पाणी आहे तरी कुठं?

दीपा जरा घुटमळली. शेतांच्या वरच्या अंगाला, बरडावर, म्हणजे मुरमाड माळावर, एकच विहीर स्वच्छ निघाली होती. ती बौद्धपुऱ्यातली, दीपाच्या दारासमोरची. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, शकुबाईने त्या विहिरीचं पाणी कधी तोंडाला लावलं नव्हतं. दीपाने विहिरीचं नाव सांगितलं आणि ती निघून आली. शकुबाई येईल असं काही तिला वाटलं नाही.

सकाळी शकुबाई पाण्याचा पितळी गुंड कमरेवर घेऊन हजर. बाया बघतच राहिल्या. ती सरळ काठाकडे निघाली, तशी दीपाची आई जया दोर ओढता ओढता शांतपणे म्हणाली, "लाइन तिकडून आहे, काकू."

शकुबाई क्षणभर उभी राहिली, मग मागे जाऊन सहावी लागली. नंबर यायला अर्धा तास गेला. तेवढ्यात तिने रांगेतल्या दोघींच्या लेकींना स्थळं सुचवली आणि एकीच्या लोणच्याला नावं ठेवली. पोहरा तिला जड जात होता, तो जयाने ओढून दिला.

महिनाभरात रांग रस्त्यापर्यंत गेली. हापशाचं पाणी कुणी पिऊ नये म्हणून त्याला लाल रंग फासला गेला आणि विहिरीवरून गावात नळ आणायचा ठराव ग्रामसभेत आला. पहिला नळ पाराजवळ बसवू, असं सरपंच म्हणाला. जया उठून बोलणार, तोच शकुबाईने मागून आवाज दिला.

"विहीर त्याइची आहे. पहिला नळ पुऱ्यात बसन."

सरपंचाने तसंच लिहून घेतलं.