दुपारची फेरी

आमच्या कारखान्यात दात तयार होतात. नकली. कुणाची अख्खी कवळी, तर कुणाची एकच दाढ. मी मेणात दात बसवते, सारखे, ओळीत, हसल्यावर खरे वाटतील असे. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडाचा विचार करणारी बाई मी, पण त्या बुधवारी मला माझंच तोंड आवरलं नाही. आणि नाही आवरलं तेच बरं झालं.

पेट्रोल पुन्हा वाढलं होतं. प्रवासभत्ता जरा वाढवा, असा आम्ही सगळ्यांनी मिळून मालकांकडे शब्द टाकला. मालक आठवडाभर गप्प. मग बुधवारी नेमक्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि एका टायवाल्याला आमच्यापुढे उभं केलं. तो कुठल्याशा कंपनीतून आला होता, लोकांना शहाणपण शिकवायचा धंदा करणाऱ्या. बाहेर त्याची गाडी चालूच होती, ड्रायव्हर आत गार हवेत बसलेला.

"इंधन महागलं म्हणून रडत बसायचं, की आपली जीवनशैली बदलायची?" टायवाला मागच्या पडद्यावरचं वाक्य वाचत म्हणाला.

जीवनशैली म्हणे. अरे बाबा, शैलीला आधी जीवन तरी लागतं ना. सुट्टीच्या दिवशी तळ्यापर्यंत चक्कर मारायचे, ती बंद केली. नणंदेकडे जाणं वर्षावर आलं, त्याचं मला फारसं दुःख नाही, पण आलं. उतार लागला की मी स्कूटर बंद करून नुसती सोडून देते आणि मागचे लोक मला शिव्या घालतात. आणखी काय बदलू, पाय कापून चाकं लावून घेऊ?

हे सगळं मी मनात म्हटलं. तोपर्यंत मनातच होतं.

मग मालक उठले. पुढच्या महिन्यापासून भत्ता बंद, त्याऐवजी कारखान्याची व्हॅन. सकाळी सगळ्यांना घ्यायला येईल, संध्याकाळी सोडेल. आवारात आपण गाड्या लावतो ती जागा भाड्याने जाणार. खरं सांगायचं तर योजना वाईट नव्हती. माझ्या शेजारी बसून कवळ्या घासते ती चिमणी तर एवढी खूश झाली की टाळ्याच वाजवायला लागली. तिला दोन बस बदलून यावं लागतं, तिचं बरोबरच होतं.

"आणि दुपारी?" मी विचारलं.

"दुपारी काय?"

"मी दुपारी घरी जाते."

मालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. टायवाल्याला मात्र हर्ष झाला. त्याला उदाहरण हवंच होतं. "बघा," तो सगळ्यांना म्हणाला, "अशाच अनावश्यक फेऱ्या आपण ओळखायच्या. ताई, दुपारी घरी एवढं काय असतं?"

"नवरा असतो."

सगळे फिदीफिदी हसले. मेणाच्या भांड्याजवळचे म्हातारे काका तर चष्मा काढून डोळे पुसायला लागले. माझं वय पन्नाशीच्या पुढे, केस अर्धे पांढरे. हसणारच.

"जागा असतो," मी म्हटलं. "तो बेकरीत रात्रपाळी करतो. सकाळी तो घरी येतो तेव्हा मी निघालेली असते. संध्याकाळी मी घरी जाते तेव्हा तो गेलेला असतो. त्याची सुट्टी मंगळवारी, माझी रविवारी. दुपारी तेवढी आम्हाला एकमेकांची तोंडं दिसतात. ती फेरी अनावश्यक असेल तर मग माझं लग्नच अनावश्यक आहे, तसं पडद्यावर लिहा."

आता कुणी हसलं नाही. मालक समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, दोन महिन्यांत सवय होईल."

"कशाची?"

"व्हॅनची."

"मला वाटलं नवरा नसण्याची," मी म्हटलं. "भत्ता ठेवा तुमच्याकडे. व्हॅन बाकीच्यांना खुशाल फिरवा. मी माझ्या पैशाने पेट्रोल घालीन आणि स्कूटर मागच्या गल्लीत लावीन."

एवढं बोलून मी जागेवर जाऊन बसले. त्या सभेपायी त्या दिवशीची दुपार गेली ती गेलीच.

चिमणीचा नवरा त्याच बेकरीत आहे आणि तिला फोन केल्याशिवाय राहवत नाही, त्यामुळे ही सगळी कथा मीठमसाला लावून रात्रीच आमच्या ह्यांच्या कानावर गेली. गुरुवारी दुपारी घरी गेले तर हे पलंगावर बसून होते, तोंड पाडून.

"व्हॅन घे तू," हे म्हणाले.

"का?"

"पेट्रोलचा भाव बघितलास? आणि दुसरं म्हणजे..." ह्यांनी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. "तू आलीस की माझी झोप मोडते. मग पुन्हा लागत नाही."

सगळ्या जगाशी भांडायची तयारी होती माझी, पण ह्यांच्या झोपेशी कशी भांडणार? मी न जेवता परत गेले आणि एका बाईचे पुढचे चार दात असे वाकडे बसवले की काकांनी गपचूप ते परत उपटले.

शुक्रवारी डबा घेऊन कामावर गेले. सुट्टी झाली, चिमणीने सरकून मला जागा दिली. मी झाकण उघडलं. एकीकडे वाटे, बिचारा माणूस रात्रभर भट्टीपुढे उभा असतो, झोपू दे की. दुसरीकडे राग येत होता. इतक्या वर्षांत ह्या माणसाने झोपेची तक्रार कधी केली नव्हती, आणि नेमकी आता पेट्रोलच्या भावाबरोबर ह्याची झोप महाग झाली होय?

मी डबा बंद केला.

"कुठे निघालात?" चिमणी म्हणाली.

"घरी. झोपला असेल तर झोपलेला बघून येते. तेवढ्यासाठी पेट्रोल जळलं तर जळू दे."

उतारावरही स्कूटर बंद केली नाही.

दार आवाज न करता उघडलं. हे भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पांघरूण घेऊन पडले होते. श्वास अगदी संथ, एकसारखा. मला वाईट वाटलं. खरंच थकतात, मी उगाच संशय घेतला. आल्या पावली परत फिरावं म्हणून वळले आणि टेबलाकडे लक्ष गेलं.

दोन ताटं वाढून झाकून ठेवली होती. झाकणांच्या कडेने भाताची वाफ येत होती.

मला एकदम रडूच आलं, आणि रडू आल्याचाही राग आला. मी खुर्ची मुद्दाम करकरत ओढली.

"उठा," मी म्हटलं. "खोटंच बोलायचं असेल तर निदान ताट तरी एकच वाढत जा."

पांघरूण हललं नाही. मग आतून आवाज आला, "पेट्रोल परवडणार नाही गं आपल्याला."

"मला तुम्ही नसणं परवडत नाही. उठा आता, भात गार होतोय."

हे उठले, तोंड धुऊन आले आणि समोर बसले. आम्ही जेवलो. विशेष काही बोललो नाही, नेहमीही कुठे बोलतो. मी निघाले तेव्हा हे दारापर्यंत आले.

"उद्या जरा लवकर निघता येतं का बघ," हे म्हणाले.