चिमणाबाईंचा गुडघा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना बंपर आहे. उचगावच्या पार्श्वनाथ पाटलांच्या पांढऱ्या गाडीचा पुढचा बंपर. अंगावर ओरखडे आहेत, उन्हाने रंगही विटला आहे. तरी मी फार समाधानी आहे. का, ते सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या दाण्यांत रबर मिसळले, ते वितळवले आणि मोठ्या साच्यात दाबून भरले. नुसते कडक प्लास्टिक जोराच्या धक्क्याने तडकते. रबर असले की ते वाकते. माझ्या पाठीशी फोमचा जाड पट्टा बसवला आणि त्याच्यामागे लोखंडी पट्टी. धक्का आला की आधी मी वाकायचे, मग फोमने दबायचे आणि उरलेला जोर पट्टीने सोसायचा. धक्का हलका असेल तर मी पुन्हा होतो तसा होतो.

पार्श्वनाथरावांचे खता-बियाण्यांचे दुकान आहे. त्यांच्या पत्नी त्रिशलाताई कसबा बावड्याच्या शाळेत शिकवतात. गाडी घरी आली त्या दिवशी पार्श्वनाथरावांनी बोटाने मला दाबून पाहिले आणि तोंड वाकडे केले.

"ह्यो कसला बंपर? नुसता डबा हाय की!"

आठवड्याभरात त्यांनी माझ्यापुढे जाड लोखंडी गार्ड बसवून घेतला. त्याच्याआड मी गुपचूप उभा राहिलो.

पुढे एका लग्नासाठी सगळे चंदगडला गेले. तिथल्या पावसात, चिखलावरून गाडी घसरली आणि एका दगडी कुंपणावर आदळली. गार्डला ओरखडासुद्धा नव्हता. पार्श्वनाथराव खूश झाले. पण परत आल्यावर गॅरेजवाल्या उदयसिंहांनी गाडी वर उचलली, तर गार्ड जिथे बोल्टने आवळला होता तिथला सांगाडाच पिळवटलेला. गार्ड वाकला नाही, म्हणून सगळा दणका आत गेला होता.

त्रिशलाताईंनी तो गार्ड हाताने ठोकून पाहिला. मग म्हणाल्या, "अहो, कुंपणाच्या जागी माणूस असतं तर?"

"असं कुठं हुतंय व्हय?"

"झालं तर? काढून टाका ते. आजच."

पार्श्वनाथराव कुरकुरले, पण गार्ड निघाला, सांगाडाही सरळ करून घेतला. मला पुन्हा समोरचा रस्ता दिसू लागला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, उसाच्या गळिताच्या दिवसांत, त्रिशलाताई शाळेतून घरी निघाल्या होत्या. साखर कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागली होती. दोन ट्रॉल्यांच्या फटीतून दुधाची किटली घेतलेल्या एक बाई अचानक पुढे आल्या. ताईंनी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. गाडी थांबत आली, पण पुरती थांबली नाही. मी त्या बाईंच्या गुडघ्याला लागलो.

लागताक्षणी मी आत गेलो. मागचा फोम चेपला. बाई बॉनेटवर टेकल्या आणि हळूच खाली बसल्या. रस्त्यावर दूधच दूध झाले.

त्रिशलाताई धावत आल्या. "पाय हलतोय का? मावशी, पाय हलवा की!"

त्या होत्या चिमणाबाई. घरात एकट्या, सोबतीला दोन म्हशी. "पायाचं ऱ्हाऊ द्या ओ ताई," त्या कळवळून म्हणाल्या, "म्हसरांच्या धारा कोण काढणार?"

दवाखान्यात एक्स-रे काढला. गुडघा मुरगळला होता, सुजला होता, पण हाड शाबूत होते. ते ऐकून त्रिशलाताई बाकावर बसून रडल्या. निरोप मिळताच दुकानातून आलेले पार्श्वनाथराव एवढेच म्हणाले, "धारा मी काढतो. ल्हानपणी काढत हुतो की."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चिमणाबाईंच्या दारात हजर. म्हशीच्या पहिल्याच लाथेला पार्श्वनाथरावांची बादली लवंडली. आतून खाटेवरून आवाज आला, "पावणं, आधी तिच्या पाठीवरनं हात फिरवा! हितं दुकानावानी घाई चालत न्हाय!"

हळूहळू त्यांना जमू लागले. म्हशीही त्यांना ओळखू लागल्या.

एव्हाना मी बराचसा आपोआप बाहेर आलो होतो. पार्श्वनाथरावांना वाटले, काम भागले. पण उदयसिंहांनी मला उतरवून मागे पाहिले. "वरनं बरा दिसतोय, आतनं फोम चेपलाय. पुन्ना कोण आडवं आलं तर न्हाय वाचायचं." त्यांनी गरम हवा देऊन माझा उरलेला खळगा काढला, तुटलेल्या क्लिपा बदलल्या आणि नवा फोम घातला. त्या हातांचे उपकार मी विसरणार नाही.

चिमणाबाई बऱ्या झाल्या. एका सकाळी त्या आधाराशिवाय गाडीपर्यंत चालत आल्या आणि तळहाताने मला दाबून पाहू लागल्या. मी आत गेलो, बाहेर आलो.

"लईच मऊ हाय की ओ ह्यो!"

"मऊ हाय," पार्श्वनाथराव हळू आवाजात म्हणाले, "म्हणून तुमी चालत आलासा."

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या जन्माचे चीज झाले. तुमच्या घरच्या गाडीला कधी धक्का बसला, तर माझ्यासारख्याला वरवर पाहून सोडू नका, मागेही बघायला सांगा. शक्य तेव्हा सावलीत उभे करा, उन्हाने आम्ही कडक होतो. आणि आमच्यापुढे लोखंड बांधू नका. रस्त्यावर समोर कोण येईल ते आम्हाला ठाऊक नसते. जो येईल, त्याच्यासाठी आम्हाला वाकू द्या.